बुद्धाच्या शोधात परमुलुखी: धर्मानंद कोसंबी यांची सात वर्षांची भ्रमंती

१.
इ. स. १८९९च्या अखेरीस गोव्यातील सांखवाळचा तेवीस वर्षांचा एक तरुण घराबाहेर पडला. गाठीला पैसा जवळपास नव्हता, शालेय शिक्षण बेताचे होते आणि इंग्रजीचा आधार नव्हता. पुढची सुमारे सात वर्षे तो पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश असा हिंडत राहिला. त्याचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. तो का निघाला, खिशात दमडी नसताना इतका लांब कसा पोहोचला आणि या प्रवासाची किंमत कोणी मोजली, या तीन प्रश्नांचा हा धागा.

२.
आरंभ मात्र गोव्यातून नव्हे, विदर्भातून करावा लागेल. वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजा आणि त्याच्या आसपासचा मुलूख हा प्राचीन वत्सगुल्माचा परिसर. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून बौद्ध संघाला अर्पण केले. त्याचा शिलालेख आजही त्या लेण्याच्या भिंतीवर आहे.

३.
म्हणजे बुद्ध या भूमीला परका नव्हता. कार्ले, भाजे, नाशिक, पितळखोरे, कान्हेरी ही नावे घेतली तरी ते पुरे. परंतु पुढच्या शतकांत विहार ओस पडले, ग्रंथ नाहीसे झाले आणि लेण्यांना लोक पांडवांच्या नावाने ओळखू लागले. १८१९ साली एका इंग्रज शिकारी तुकडीला अजिंठा ‘सापडला’, तेव्हा त्या चित्रांमागची कथा सांगणारी विद्यापरंपरा महाराष्ट्रात उरली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाली शिकू इच्छिणाऱ्या सामान्य मराठी माणसाला गावात, शहरात, पाठशाळेत कोठेही गुरू मिळत नव्हता.

४.
सातव्या शतकात चिनी भिक्षू युआन श्वांग बौद्ध ग्रंथांच्या शोधात भारतात आला होता. पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राचे वर्णनही त्याने करून ठेवले आहे. बाराशे वर्षांनी काटा उलटा फिरला. आता बुद्धाचे वचन मुळातून वाचायचे तर भारतातल्या माणसाला समुद्र ओलांडून जावे लागणार होते. कोसंबींच्या प्रवासाचे मूळ या उलट्या वाटेत आहे.

५.
धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६चा. घर गौड सारस्वतांचे, उत्पन्न नारळाच्या बागायतीचे. प्रकृती नाजूक, शिक्षण मराठीतले आणि तेही अर्धवट. वाचनाची भूक मात्र मोठी होती. १८९७च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मराठी मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या हाती पडले. मुलांसाठी काढलेल्या मासिकातील त्या लेखनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. या महापुरुषाविषयी सारे काही जाणून घ्यावे, त्यासाठी वाटेल ते सोसावे, असा ध्यास तेथून लागला.

६.
ध्यास लागला तेव्हा ते एकटे नव्हते. वयाच्या पंधराव्या वर्षीच, १८९१मध्ये, त्यांचे लग्न झाले होते. पत्नीचे नाव बाळाबाई. १८९९मध्ये पहिली मुलगी माणिक जन्मली आणि त्याच वर्षाच्या शेवटी, मुलगी तान्ही असतानाच, वडील घर सोडून निघाले. कोसंबींच्या धाडसाची कथा सांगताना हा तपशील अनेकदा एका ओळीत उरकला जातो. या धाग्यात तो विसरायचा नाही.

७.
पहिला टप्पा पुणे. गोवा पोर्तुगिजांचा आणि पुणे इंग्रजांचे, त्यामुळे घाट चढला की राज्यच बदलत होते. पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर भेटले. संस्कृतचे हे थोर पंडित प्रार्थना समाजाचेही आधारस्तंभ होते. त्यांच्या ओळखीमुळे या अनोळखी तरुणाला पुण्यात टेकायला जागा मिळाली. मात्र पालीचा मार्ग संस्कृतमधून जातो आणि संस्कृत मुळापासून शिकायचे तर काशी गाठली पाहिजे, हे त्यांनी मनाशी ठरवले होते.

८.
ते पुणे कोणते होते, हेही पाहावे. १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना धर्मपीठापर्यंत खेचले गेले होते. समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्ताशिवाय पंगतीत बसू न देणारी घरे कमी नव्हती. अशा काळात एक विवाहित ब्राह्मण तरुण केवळ प्रवासाला निघाला नव्हता. परतल्यावर आपल्याला पंगतीत जागा मिळेलच याची खात्री सोडून तो निघाला होता.

९.
ग्वाल्हेरमार्गे काशी. तेथे गंगाधरशास्त्री तेलंग यांच्या पाठशाळेत संस्कृत व्याकरणाचा अभ्यास आणि पोटासाठी अन्नछत्र. दारिद्र्यात विद्या मिळवण्याची ही काशीची जुनी रीत होती: विद्यार्थ्याने शिकावे, गुरूने मोबदला न घेता शिकवावे आणि दोघांच्या चुली दात्यांच्या पैशावर पेटाव्यात. थंडीत पुरेसे पांघरूण नाही, शहरात प्लेगची धास्ती, अशा स्थितीत त्यांनी १९०२च्या आरंभापर्यंत अभ्यास केला.

१०.
येथे दुसऱ्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. कोसंबींच्या प्रवासाचा पहिला आधार म्हणजे तीर्थयात्रेची जुनी व्यवस्था. धर्मशाळा, अन्नछत्रे, मठ, पाठशाळा यांचे जाळे शतकानुशतके उभे राहिले होते आणि अहिल्याबाई होळकरांसारख्या राज्यकर्त्यांनी ते भक्कम केले होते. पैशाशिवाय हजार मैल हिंडणे त्या व्यवस्थेत नवलाचे नव्हते. अर्थात तिची दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती. कोसंबी ज्या पाठशाळेत बसू शकले, तिच्या उंबऱ्यावर याच देशातील कोट्यवधी माणसांना केवळ जातीमुळे उभेही राहता आले नसते.

११.
काशीहून नेपाळ. त्या काळी नेपाळची हद्द परक्यांना सहसा बंद असे, पण महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंसाठी वाट उघडत असे. बुद्धाच्या जन्मदेशात बौद्ध धर्म जिवंत सापडेल, या आशेने कोसंबी डोंगर चढून काठमांडूच्या खोऱ्यात पोहोचले. तेथे पदरी निराशा आली. नेवार समाजाची बौद्ध परंपरा वज्रयानाची होती, तिचे पुरोहित गृहस्थ होते आणि तिचे ग्रंथ संस्कृतात होते. चरित्रात वाचलेला भिक्षुसंघ आणि पाली वचने त्यांना तेथे आढळली नाहीत.

१२.
निराश होऊन परतणे सोपे होते. त्यांनी बोधगयेची वाट धरली. तेथे त्यांना कळले की पालीचे खरे अध्ययन सिंहलद्वीपात होते आणि तिकडे जाण्यासाठी कलकत्त्याच्या महाबोधी सभेची मदत मिळू शकेल. ही सभा अनागारिक धर्मपाल यांनी १८९१मध्ये कोलंबोत स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तिचे कार्यालय कलकत्त्यात आले. बोधगयेचे मंदिर बौद्धांना मिळावे हा तिचा मुख्य उद्देश. पण आशियातील बौद्ध देशांना भारताशी पुन्हा जोडण्याचे कामही तिच्याकडून होत होते.

१३.
हा प्रवासाचा दुसरा आधार: बौद्ध पुनरुज्जीवनाचे नवे जाळे. सिंहलद्वीपात १८७३च्या पानदुरा येथील जाहीर वादसभेत भिक्षूंनी ख्रिस्ती मिशनऱ्यांना सडेतोड उत्तरे दिली होती. १८८०मध्ये कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की तेथे आले आणि बौद्ध शाळांची चळवळ उभी राहिली. छापखाने, सभा, मासिके, वर्गण्या यांच्या बळावर कोलंबो, कलकत्ता, मद्रास आणि रंगून ही शहरे एकमेकांना बांधली जात होती. काठमांडूत एकाकी पडलेला तरुण बोधगयेत या जाळ्याच्या एका टोकाला लागला.

१४.
तिसरा आधार वसाहतीच्या राजवटीचा. आगगाडी, आगबोट आणि एकाच सत्तेखालची बंदरे. भारतातून कोलंबोला जाण्याची रुळलेली वाट म्हणजे मद्रासमार्गे तुतिकोरीन आणि तेथून बोट. ब्रह्मदेश तर १८८६पासून ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. प्लेगमुळे वाटेत तपासण्या आणि अडवणूक होत असे हे खरे, पण आजच्यासारखे व्हिसाचे अर्ज आणि बँकेतील शिलकीचे दाखले कोणी मागत नव्हते. ज्या साम्राज्याने देश पारतंत्र्यात ठेवला, त्याच्याच रुळांवरून हा तरुण आपला हरवलेला वारसा शोधायला निघाला होता.

१५.
१९०२मध्ये कोसंबी कोलंबोच्या विद्योदय परिवेणात दाखल झाले. परिवेण म्हणजे भिक्षूंचे विद्यालय. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी ते १८७३मध्ये स्थापन केले होते. त्यांच्याच हातून धर्मानंद श्रामणेर झाले, म्हणजे त्यांनी नवशिक्या भिक्षूची दीक्षा घेतली. मुंडण, काषाय वस्त्र, भिक्षापात्र आणि दुपारनंतर जेवण नाही. श्रामणेराच्या दहा शीलांपैकी शेवटचे सोने-रुपे न स्वीकारण्याचे. हे शील कसोशीने पाळायचे तर प्रवासाचे तिकीटही दुसऱ्या कोणी काढून द्यावे लागते. ज्याच्याजवळ मुळातच पैसा नव्हता, त्याच्या निर्धनतेला आता नियमाची प्रतिष्ठा मिळाली.

१६.
अडचण आली ती पानातल्या अन्नाची. भिक्षेत जे पडेल ते खावे हा थेरवादी भिक्षूंचा रिवाज आणि सिंहलद्वीपात त्यात मासे-मांस असणे नेहमीचे. कोसंबी शाकाहारी. अन्न आणि हवामान मानवेना, प्रकृती खालावली. तरीही सुमारे वर्षभरात त्यांनी सिंहली लिपी आत्मसात केली आणि ज्या पालीसाठी इतकी पायपीट केली, तिचे मूळ ग्रंथ ते वाचू लागले.

१७.
लिपीचा हा मुद्दा नीट समजून घ्यावा. पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या, सयाममध्ये तेथल्या. १८८१मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांनी लंडनला स्थापन केलेल्या पाली टेक्स्ट सोसायटीने ग्रंथ छापले ते रोमन लिपीत. देवनागरी वाचणाऱ्या भारतीयाला आपल्याच देशात जन्मलेले वाङ्मय वाचण्यासाठी परक्या लिपीचा उंबरा ओलांडावा लागे. देशांच्या सीमा कोसंबींना फारशा अडल्या नाहीत. खरी तपासणीनाकी होती ती लिप्यांची.

१८.
सिंहलद्वीपातून ते मद्रासला आले. तेथे महाबोधी सभेच्या कार्यात त्यांना सिंगारवेलू चेट्टियार भेटले. हेच सिंगारवेलू पुढे भारतातील आरंभीचे कम्युनिस्ट नेते झाले आणि १९२३मध्ये त्यांनी मद्रासच्या किनाऱ्यावर देशातील पहिला मे दिन साजरा केला. विसाव्या शतकाच्या आरंभी बुद्ध हा केवळ धर्मजिज्ञासूंचा विषय नव्हता. जात आणि विषमता यांना उत्तर शोधणारी माणसेही त्याच्याभोवती जमत होती.

१९.
पुढे ब्रह्मदेश. तेथे कोसंबींनी उपसंपदा घेतली आणि ते पूर्ण भिक्षू झाले. ब्रह्मी लिपी शिकून घेतली आणि ग्रंथांबरोबर ध्यानाचाही अभ्यास केला. इरावतीकाठच्या सगाईंगच्या टेकड्यांत त्यांनी एका जर्मन भिक्षूसोबत ध्यानसाधना केली. त्याचे नाव ञाणतिलोक, पूर्वाश्रमीचा व्हायोलिनवादक आंटोन ग्युएट. सालोनिका, कैरो, पोर्ट सैद येथे व्हायोलिन वाजवून प्रवासखर्च कमावत तो पूर्वेला आला होता. गोव्याच्या बागायतीतून निघालेला एक आणि जर्मनीच्या संगीतशाळेतून निघालेला दुसरा, असे दोन तरुण प्रवासी त्या टेकड्यांत एकत्र बसले.

२०.
सगाईंगपासून मंडाले फार दूर नाही. मिंडोन राजाने तेथील कुथोडॉ पॅगोड्यात संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरवून ठेवले आहे. मराठी माणसाला मंडाले म्हटले की टिळकांचा तुरुंग आणि ‘गीतारहस्य’ आठवते. लोकमान्य तेथे १९०८मध्ये बंदी म्हणून गेले. त्याआधी काही वर्षे त्याच इरावतीच्या खोऱ्यात एक मराठी भिक्षू स्वेच्छेने, अनवाणी, पात्र हाती घेऊन हिंडला होता. एकाच मुलखाशी जडलेल्या या दोन मराठी आठवणींपैकी एक आपण जपली आणि दुसरी बरीचशी विसरलो.

२१.
मधल्या काळात भारतात येऊन कोसंबींनी कुशीनाऱ्यासह बौद्ध तीर्थस्थानांचे दर्शन घेतले, काही दिवस तेथे मुक्काम केला आणि ते पुन्हा ब्रह्मदेशी गेले. १९०६मध्ये ते कलकत्त्याला परतले. वंगभंगाच्या चळवळीने बंगाल पेटला होता आणि स्वदेशी शिक्षणासाठी नॅशनल कॉलेज उघडले होते. पाली शिकवणारा भारतीय माणूस तेथे हवा होता. कोसंबींनी चीवर उतरवले आणि ते शिक्षक झाले. शोध पूर्ण झाला म्हणून नव्हे, तर शोधलेले आता आपल्या लोकांना द्यायचे म्हणून.

२२.
१९०६च्या ऑक्टोबरमध्ये ते गोव्याला गेले. सुमारे सात वर्षे लोटली होती. बाळाबाईंना त्यांनी कलकत्त्याला नेले. निघताना पाळण्यात असलेली माणिक आता चालती-बोलती मुलगी होती. काशी, कोलंबो आणि सगाईंग येथे जे घडले ते कोसंबींनी १९२४च्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात सांगितले. त्याच वर्षांत गोव्यात एका तरुण स्त्रीने नवरा हयात असून नसल्यासारखा असताना मूल वाढवले, सणवार काढले आणि लोकांच्या प्रश्नांना तोंड दिले. तिच्या या सात वर्षांचे प्रवासवर्णन नाही, कारण ती कोठे गेलीच नव्हती.

२३.
म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. तीर्थयात्रेची व्यवस्था, बौद्धांचे नवे जाळे आणि साम्राज्याचे रूळ हे तीन आधार इतिहासाच्या पुस्तकांत नोंदले जातात. चौथा आधार बाळाबाईंचा. मागे राहिलेल्या कोणी तरी घर धरून ठेवले, म्हणून पुढे गेलेल्याला परतण्यासाठी घर उरले. धर्मानंदांच्या त्यागाचा गौरव जरूर व्हावा. मात्र त्यांनी त्याग स्वतःहून निवडला होता. बाळाबाईंना कोणी विचारलेही नव्हते.

२४.
कोसंबींच्या पुढच्या लेखनात हा प्रश्न वेगळ्या रूपाने भेटतो. १९४०च्या सुमारास आलेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची प्रचलित कथा तपासली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही कथा त्यांना उत्तरकालीन वाटली. जुन्या पाली सुत्तांच्या आधारे त्यांनी दाखवले की आईवडील समोर रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने घर सोडले. शाक्य आणि कोलिय यांच्यातील शस्त्राचे भांडण हे त्यामागचे एक कारण त्यांनी मांडले. निघणाऱ्या माणसाइतकेच मागे रडणाऱ्या माणसांकडेही पाहणारी ही मांडणी आहे.

२५.
प्रवासाचे फळ काय? १९०८च्या सुमारास बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपयांची वृत्ती देऊ केली. अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि ग्रंथ लिहावेत. कोसंबींनी कलकत्त्याची अधिक प्राप्तीची नोकरी सोडून ती पत्करली. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. पु. वि. बापट आणि ना. के. भागवत यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

२६.
१९१०मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. हेन्री क्लार्क वॉरन यांनी बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते, पण १८९९मध्ये त्यांचे निधन झाले. ते अपुरे काम कोसंबींकडे आले. प्रा. लॅनमन यांच्याशी श्रेयावरून त्यांचे मतभेद झाले आणि काम दीर्घकाळ रेंगाळले. १९४०मध्ये त्यांची देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची आवृत्ती १९५०मध्ये निघाली, तेव्हा कोसंबी हयात नव्हते.

२७.
मुलांबाबत त्यांनी पूर्वीची वाट सोडली. १९१८मध्ये पुन्हा अमेरिकेला जाताना माणिक आणि दामोदर या दोघांना त्यांनी सोबत नेले. बापाविना बाळपण गेलेली माणिक तेथे उच्च शिक्षण घेऊ शकली. १९०७मध्ये जन्मलेला दामोदर म्हणजेच पुढचे थोर गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी. लेणी आणि नाणी हाताळत, पायी हिंडत इतिहास शोधण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. बाळाबाई या वेळीही मागेच राहिल्या.

२८.
धर्मानंद मिठाच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले, मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे, अन्न सोडून, त्यांनी शांतपणे देह ठेवला. वर्ध्याजवळचे सेवाग्राम विदर्भातच येते. नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशाकडचे आणि वास्तव्याने कुशीनाऱ्याचे. कोसंबी ज्या वाटेने गेले होते, त्याच वाटेने पाली आता विदर्भात परत आली.

२९.
एके काळी अजिंठ्याला लेणे अर्पण करणाऱ्या वत्सगुल्माच्या या मुलखात आज बुद्धविहारांतून त्रिशरण आणि पंचशील पालीत म्हटले जाते. काशीच्या पाठशाळेत ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या तोंडी ही भाषा आहे आणि ती शिकायला कोणाला समुद्र ओलांडावा लागत नाही. १८९९मध्ये हे शक्य नव्हते. ते शक्य करणाऱ्यांच्या यादीत धर्मानंद कोसंबींचे नाव पहिल्या काहींमध्ये येते. त्या नावाशेजारी बाळाबाईंचे नावही लिहिले जावे.